जुन्या तरणतलावात फोटो रचायचे आहेत? आधी पाण्याचं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये फोटोग्राफीत एम.ए. करणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीला उत्तरेकडच्या एका शहरातला शंभरेक वर्षं जुना सार्वजनिक तरणतलाव अर्ध्या दिवसासाठी मिळतोय. चार मैत्रिणी मॉडेल म्हणून येणार आहेत. लाल टोप्या, एकसारखे पोहण्याचे पोशाख, सगळ्या एका ओळीत स्तब्ध उभ्या, असं काहीसं डोक्यात आहे. तिने विचारलंय, "कोणती लेन्स भाड्याने घेऊ आणि किती लाइट्स लागतील?"

लेन्सचं उत्तर दोन ओळींचं आहे, ते खाली देते. पण तुमच्या सविस्तर प्रश्नात एक गोष्ट कुठेच नाही: तलावात पाणी आहे की नाही? ते कळेपर्यंत लेन्स आणि लाइट्सची चर्चा म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. मी लँकेशरमध्ये राहते, जुन्या इमारतींचे फोटो काढणं हा माझा सोळा वर्षांचा धंदा आहे, आणि अशा तलावांमध्ये मी बऱ्याच वेळा काम केलंय. प्रत्येक वेळी प्रकाश, कॅमेऱ्याची उंची, कपडे, वेळापत्रक, विमा हे सगळं पाण्यावरून ठरलं.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत. छताला काच आहे का, हॉल गरम ठेवतात का, तलाव वापरात आहे की बंद पडलेला. रेकीला, म्हणजे शूटआधी जागा पाहायला, जाऊन हे बघून या. तलाव रिकामा असेल तर "माझ्यासाठी भरून द्या" म्हणू नका, आणि भरलेला असेल तर "उपसून द्या" तर अजिबातच म्हणू नका. हिशोब करा: २३ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव म्हणजे चार लाख लिटरच्या वर पाणी. शिवाय जुना तलाव रिकामा केला की जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून त्याच्या तळावर येतो. आतलं वजन गेलेलं असतं, त्यामुळे तळ उचलला जाऊन तडे पडू शकतात. जे आहे त्यात काम करायचं.

मी स्वतः यात फसलेय. एका रिकाम्या तलावात मला आरशासारखा तळ हवा होता. वाटलं, वीतभर पाणी सोडलं की काम झालं. परवानगी मिळाली, पाइप लावला, आणि दोन तासांनी सगळं पाणी खोल टोकाला जाऊन बसलं. उथळ बाजू कोरडी ठणठणीत. पाणी उतारालाच जाणार हे चौथीत शिकलेलं ज्ञान एम.ए.नंतर आठवलं नाही.

आता समजा पाणी आहे. मग पहिला निर्णय हा की तुमच्या फोटोत पाणी आरसा आहे की खिडकी. हे लाइट्सवर कमी आणि कॅमेऱ्याच्या उंचीवर जास्त ठरतं. सरळ वरून पाहिलं तर पाण्याच्या पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो, त्यामुळे तळ, त्यावरच्या काळ्या रेघा, पाय, सगळं दिसतं. काठावर उभं राहून दहा मीटर पलीकडे पाहिलं तर नजर पाण्याला साधारण दहा अंशांनी घासून जाते आणि तिथे तिसरा हिस्सा प्रकाश परावर्तित होतो. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणला की पाण्यात छत, खिडक्या आणि मुलींची उलटी आकृती उभी राहते. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा चकाकी कापणारा फिल्टर, हे प्रतिबिंब काढतो, पण सगळ्या कोनांत सारखा नाही. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात तो सर्वांत चांगलं काम करतो. एकाच फ्रेममध्ये जवळचं पाणी आणि लांबचं पाणी असेल तर जवळ तळ दिसेल आणि लांब छत. ते नको असेल तर पोलरायझर पिशवीतच ठेवा. तो दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकाशही खातो.

खिडकी निवडलीत तर आणखी एक. पाण्यात उभ्या माणसाचे पाय आखूड दिसतात. सरळ वरून पाहताना चार फूट खोली तीन फुटांएवढी वाटते, तिरकं पाहिलं तर त्याहूनही कमी. कंबरभर पाण्यात उभी असलेली उंच मुलगी फोटोत बुटकी निघते आणि मग ती माझ्यावर रागावते. शिवाय लाल रंग पाण्यात सर्वांत आधी फिका पडतो. टोपी पाण्याबाहेर लालभडक राहील, पण त्याच कापडाचा पोशाख पाण्याखाली मळकट दिसेल. "एकसारखा लाल" हवा असेल तर लाल रंग पाण्याच्या वरच ठेवा.

आरसा हवा असेल तर पाणी निवांत हवं, आणि अर्ध्या दिवसातला सर्वांत महाग माल हाच आहे. चालू तलावात पाणी कधीच स्थिर नसतं. गाळणीचा पंप पाणी खेचत आणि परत सोडत असतो, भिंतीतल्या झडपांमधून बारीक प्रवाह येत असतो. तुम्हाला डोळ्यांनी ते सपाट वाटेल, कॅमेऱ्यात मात्र समोरच्या खिडकीची चौकट नागमोडी येईल. पंप थोडा वेळ बंद ठेवता येईल का हे आधी लेखी विचारा. माणसं बाहेर आल्यावर पाणी बसायला माझ्या अनुभवात दहा-पंधरा मिनिटं लागतात. तलाव लहान आणि काठ उभे असतील तर जास्त, कारण लाट भिंतीवर आपटून परत येत राहते. शटर अर्ध्या सेकंदापर्यंत लांबवून बारीक तरंग पुसता येतात, पण मग मॉडेलने तेवढा वेळ श्वाससुद्धा धरून ठेवला पाहिजे. चारही जणींनी एकदम धरायचा म्हणजे चाळीस फोटोंतून एक हाती लागतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: निवांत पाण्यापासून ढवळलेल्या पाण्याकडे. आधी काठावरचे, कोरड्या अंगाचे सगळे फोटो. मग पायऱ्यांवर, पाय पाण्यात सोडून. मग पाण्यात उभं राहून. आणि सूर मारणं किंवा मुटका मारणं एकदम शेवटी, कारण त्यानंतर त्या दिवशी आरसा विसरायचा. सगळेच नवखे लोक उलटं करतात. उत्साहात आधी उड्या मारून घेतात, मग अर्धा तास पाण्याकडे बघत बसतात.

प्रकाशाकडे येते. छताला काच असेल तर वरून सुंदर मऊ प्रकाश येतो, पण डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. रिकाम्या तलावात हा त्रास कमी असतो, कारण पांढऱ्या टाइल्सचा अख्खा खड्डा एक भलामोठा रिफ्लेक्टर बनून खालून प्रकाश परत देतो. भरलेल्या तलावात तो प्रकाश कमी होतो, आणि जो येतो तो हिरवट-निळसर येतो. तेव्हा एक मोठा, मऊ दिवा पुरे. पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारून परत आलेला. चार दिवे नकोत. झिलईच्या टाइल्स म्हणजे शेकडो छोटे आरसे, प्रत्येक सॉफ्टबॉक्सचा (दिव्यावरच्या पांढऱ्या कापडी पेटीचा) पांढरा डाग त्यात उमटतो. दिवा कुठे ठेवायचा ते कॅरमसारखं बघायचं. सोंगटी ज्या कोनात कडेवर आपटते त्याच कोनात परत येते, प्रकाशही तसाच. परतणारी रेघ लेन्सकडे येत नाही अशी जागा सापडेपर्यंत दिवा सरकवत राहा. आणि हॉलमधल्या ट्यूब बंद करायला सांगा. नाहीतर छताचा निळा, ट्यूबचा हिरवा आणि फ्लॅशचा पांढरा यांची खिचडी त्वचेवर दिसते. डिसेंबरात जाणार असाल तर इथे चारच्या आत अंधारतं हे धरून चाला. सकाळची वेळ घ्या.

दिवे बॅटरीवरचेच घ्या. इथल्या वायरिंगच्या नियमांत तलावाच्या काठापासून आडवं २ मीटर हा एक पट्टा आणि त्यापुढचं दीड मीटर हा दुसरा पट्टा धरतात, आणि त्यांत कोणती विजेची उपकरणं चालतील यावर कडक बंधनं आहेत. माझा स्वतःचा नियम सोपा आहे: पाण्याच्या हॉलमध्ये मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटची, वायर आणायचीच नाही. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, आणि शेजारी एक माणूस ज्याचं काम फक्त तो स्टँड धरणं एवढंच.

लेन्स. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ३५ किंवा ५० मिलीमीटरची. जमलं तर २४ ची शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न झुकवता चित्र वर-खाली सरकवता येणारी. त्याहून रुंद लेन्स लावली की कडेच्या मुली ताणल्या जातात, आणि कॅमेरा जरा वर झुकला तरी खांब आत झुकलेले दिसतात. मिळालं उत्तर. पण लेन्सपेक्षा मोजपट्टी महत्त्वाची. तलाव हा आलेखाचा कागद आहे, टाइल्सच्या सांध्यांनी आखलेला. अशा कागदावर कॅमेरा मध्यरेषेपासून चार बोटं सरकलेला असला तरी फोटो पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते मात्र कळत नाही. म्हणून मी लेसर मीटरने रुंदी मोजते, मध्य काढते, मगच ट्रायपॉड ठेवते. मॉडेल्सच्या जागा टाइल्स मोजून ठरवते आणि तिथे नाणी ठेवते. जुन्या टाइल्सवर, रंगावर चिकटपट्टी लावायची नाही, सोलून निघते.

आणि सरळ रेषा कुठली मानायची? शंभर वर्षांत इमारत बसलेली असते. टाइल्सची ओळ एका टोकाला बोटभर खाली गेलेली असते. रिकाम्या तलावात तर तळच उताराचा, त्यामुळे भिंत खरी की तळ खरा असा गोंधळ होतो. तिथे भिंतीवरची टाइल्सची सर्वांत लांब ओळ धरा. भरलेल्या तलावात प्रश्नच नाही. गवंडी ज्याला पाणसळ म्हणतो ती तिथे २३ मीटर लांब पडलेली असते. कॅमेरा पाण्याच्या रेषेशी जुळवा आणि इमारत वाकडी दिसली तर दिसू द्या. मला तो वाकडेपणा आवडतो.

आतापर्यंतचं एका दमात: पाणी आहे का ते बघा, आरसा की खिडकी ते ठरवा, त्यावरून कॅमेऱ्याची उंची, मग दिवा, आणि निवांत पाण्याचे फोटो आधी. आता माणसं.

चारही मैत्रिणींना पोहता येतं का, हे मी गृहीत धरणार नाही, तुम्हीही धरू नका. मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. माझ्याबरोबर वाढलेल्या कित्येक मुलींना कुणी विहिरीजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. पाणी असेल तर प्रशिक्षित जीवरक्षक हवाच, बहुतेक ठिकाणी त्याशिवाय आत सोडणारही नाहीत. रिकाम्या तलावातला धोका लोक विसरतात: काठावरून मागे सरकत फ्रेम बघणारा फोटोग्राफर आणि मागे दोन मीटरचा खड्डा. थंडीचंही तसंच. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. २८ अंशांचं पाणी पोहणाऱ्याला छान वाटतं, पण तुमच्या मैत्रिणी पोहणार नाहीत, पुतळ्यासारख्या उभ्या राहणार आहेत. दहा मिनिटांत ओठ निळे आणि अंगावर काटा. दहा मिनिटं आत, मग बाहेर, झगे, गरम चहा. बंद पडलेल्या, न तापवलेल्या हॉलमध्ये हाच नियम कोरड्या अंगालाही लावा.

कॅमेऱ्याला उलटा त्रास होतो. थंड गाडीतून गरम, दमट हॉलमध्ये आणलेली लेन्स लगेच धुक्याने भरते. पुसू नका. पिशवी बंदच ठेवून पाऊण तास हॉलमध्ये राहू द्या. तो वेळ मोजमापांत जातोच.

कपड्यांची परीक्षा घरी घ्या. मी एकदा एका तलावात नऊवारी नेसलेली बाई पाण्यात उतरवायचं ठरवलं होतं. इथल्या पाण्यात ते पातळ कसं फुलेल याची मी महिनाभर स्वप्नं बघितली. पातळ सुती होतं, लाल होतं, आणि नवं होतं. पुढचं कुठल्याही मराठी बाईला सांगायला नको. पाच मिनिटांत तिच्याभोवती गुलाबी ढग पसरला, देखरेखीवरच्या बाईंनी शिट्टी मारली आणि काम तिथेच संपलं. चूक सर्वस्वी माझी होती. आता मी प्रत्येक कापड क्लोरीन घातलेल्या बादलीत रात्रभर ठेवून बघते. फुलांच्या पाकळ्या, पावडर, दूध, गुलाल यांतलं काहीही पाण्यात टाकायचा विचार असेल तर सोडून द्या, गाळणी तुंबते.

परवानगीचं फार लांबवत नाही. सगळं लेखी घ्या. विमा किती रकमेचा मागतात ते विचारा. फोटो प्रदर्शनापुरते की विक्रीसाठी ते स्पष्ट करा. कपडे बदलण्याच्या जागेत कॅमेरा न्यायचा नाही, झाकण लावलेला सुद्धा. चौघींकडून सही घ्या, मैत्रिणी असल्या तरी.

आता लाल टोप्यांबद्दल. तुम्ही मारिया श्वार्बोव्हाचे फोटो पाहिलेत हे मला पहिल्या वाक्यातच कळलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मीही पाहिलेत, सगळ्यांनीच पाहिलेत. ही स्लोव्हाक छायाचित्रकार २०१४ पासून आपल्या देशातल्या समाजवादी काळातल्या तरणतलावांत फोटो रचतेय, आणि २०१८ साली तिला कला विभागात हॅसलब्लाड या कॅमेरा कंपनीचा 'हॅसलब्लाड मास्टर' हा मान मिळाला. तिच्या मुली भावनाशून्य, एकसारख्या, रांगेत उभ्या असतात, आणि ते तिथे शोभतं. शिस्त, सामूहिक कसरती, भिंतीवरच्या मनाईच्या पाट्या हे त्या तलावांच्या भिंतींतच आहे. तिची स्तब्धता तिच्या जागेतून आलीय. ती उचलून उत्तर इंग्लंडमधल्या तलावात ठेवली तर उरतात फक्त टोप्या.

इथल्या तलावांची गोष्ट वेगळी आहे. १८४६ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या नगरपालिकांना सार्वजनिक स्नानगृहं आणि धुण्याच्या जागा बांधायची मुभा मिळाली, कारण कामगारांच्या घरांत न्हाणीघरच नव्हतं. गाळण्या येण्यापूर्वी तलाव भरायचे, काही दिवस वापरायचे आणि उपसायचे. पाणी जसजसं घाण होई तसतसं कित्येक ठिकाणी तिकीट स्वस्त होई. मँचेस्टरचं व्हिक्टोरिया बाथ्स एकदा तरी बघून या. १९०६ साली उघडलं, १९९३ साली बंद झालं, आणि २००३ साली बीबीसीच्या 'रिस्टोरेशन' या कार्यक्रमात लोकांनी मतं देऊन दुरुस्तीसाठी निवडलं. हिरव्या टाइल्स, रंगीत काचा, टेराकोटा, डोळे दिपतात. पण मी दर वेळी दाराशीच थबकते. तीन वेगळी दारं आहेत आणि त्यांवर कोरलंय: पुरुष पहिला वर्ग, पुरुष दुसरा वर्ग, स्त्रिया. आत तीन तलाव. पाणी त्यांच्या स्वतःच्या विहिरीचं. ते आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांना मिळे, तिथून दुसऱ्या वर्गाला, आणि सर्वांत शेवटी बायकांच्या तलावात येई.

आपल्याकडे कुणाच्या हाताचं पाणी चालतं, कोण कुठल्या पाणवठ्यावर जाऊ शकतं, यावर किती रक्त आटलंय हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि फोटोत त्या एक करूही नका, ते स्वस्त होईल. पण तुमच्या डोळ्यांना ते तीन दरवाजे जसे दिसतील तसे तुमच्या वर्गातल्या इतरांना दिसणार नाहीत. हे भांडवल वापरा. तुम्हाला मिळालेल्या तलावाचा नियम शोधा. कोण कुठल्या दाराने येत असे, बायकांचा वार कोणता होता, कुठल्या पाटीवर काय लिहिलंय. मग चौघींना ओळीत उभं करायचं की तिघींना पाण्यात आणि एकीला काठावर टॉवेल घेऊन वाट बघत ठेवायचं, हे आपोआप सुचेल. टोप्या राहिल्या तरी चालतील, लालच असल्या पाहिजेत असं काही नाही.

अर्धा दिवस म्हणजे चार तास धरले तर पहिला तास कॅमेरा पिशवीत, हातात मोजपट्टी. दुसरा आणि अर्धा तिसरा निवांत पाण्याचा. उरलेला पाण्यात उतरण्याचा. शेवटची वीस मिनिटं आवराआवरीची, फरशी कोरडी करून द्यायची असते. यातून तीन चांगले फोटो निघाले तर भरपूर झाले. मी तीन ठरवून जाते आणि बहुधा दोन घेऊन येते.

रेकीला जाल तेव्हा कार्यालयातल्या माणसाशी बोलून झाल्यावर खाली तळघरात पंप सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. परवानगीच्या पत्रावर सही कुणाचीही असो, पाणी स्थिर करणारी कळ त्याच्या हातात असते. तो शूटच्या दिवशी कामावर आहे का, किती वाजता येतो, एवढं विचारून मगच तारीख पक्की करा.